मुद्देमालातले लुगडे

मंगळवार होता. राईस मिलमधली पाळी संपवून एक हमाल हायवे ओलांडत होता. ट्रकने त्याला धडक दिली. तो जागीच मरण पावला. त्याची बायको सानगडीच्या पलीकडे एका गावात राहत होती. तिला संध्याकाळी कळले.

अपघाताची नोंद आमच्याच ठाण्यात झाली. लाखनीच्या पट्ट्यात हायवेवर ट्रकची वर्दळ इतकी, की अशी नोंद आम्हाला नवी नव्हती. घटनास्थळ पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले, चालकावर गुन्हा नोंदला गेला आणि कागद पुढे गेले. नोकरीतल्या बऱ्याच घटना आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या गावचा, हे सांगताना मी अडखळतो. या मंगळवारातून पुढे जे प्रकरण उभे राहिले ते मात्र तसे मिसळत नाही.

ते आज लिहायला बसण्याचे कारण घरचे आहे. यंदा माझी पत्नी गेली. तेरवीच्या दिवशी तिच्या माहेरहून माझे मेहुणे आले. त्यांनी पाटावर बसलेल्या माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि माझ्या शेजारी बसले. त्या कापडाला वजन असे काही नव्हते. तरी तो खांद्यावर आल्यावर मला पहिल्यांदा श्वास नीट घेता आला. तेव्हा मला ती सानगडीकडची बाई आठवली.

आमच्या भागात नवरा गेलेल्या बाईला तेराव्या दिवशी तिचा भाऊ लुगडे आणतो. आता असते ती साडीच, पण रीतीत तिला लुगडेच म्हणतात. भाऊ ते बहिणीच्या खांद्यावर घालतो. त्याचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. तुझे माहेर अजून जागेवर आहे, एवढा तो अर्थ. ज्या बाईला भाऊ नाही तिच्या वेळेला पाटासमोरची जागा रिकामी राहते आणि जमलेल्या बाया दुसरीकडे बघतात.

अपघातानंतर दोन-अडीच वर्षांनी मला एका बँकेतून फोन आला. शाखेतले अधिकारी माझ्या ओळखीचे नव्हते. तक्रार द्यायची नाही, पण कानावर घालतो, असे त्यांनी आधीच सांगितले. त्यांच्याकडे एक बाई मुलीच्या नावाची मुदत ठेव मोडायला आली होती. अपघाताच्या नुकसानभरपाईतून ती ठेव झाली होती. कशाला मोडता, असे विचारल्यावर बाईने सांगितले की नागपूरच्या कंपनीची फी बाकी आहे. फी एकदा कापून गेली होती. हा दुसरा हप्ता होता. तिच्यासोबत एक माणूस होता, तो तिला ताई म्हणत होता. अधिकारी म्हणाले, "साहेब, याच माणसाला मी आधीही पाहिले आहे. तेव्हा ताई दुसरी होती."

असे दावे मिळवून देणाऱ्या कंपन्या तेव्हा आमच्याकडे नव्या होत्या. अपघात, सर्पदंश, वीज पडणे, कारखान्यातली इजा, अशा प्रकरणांत कागद गोळा करायचे, वकील लावायचा, दावा मंजूर करून आणायचा आणि मिळालेल्या रकमेतून फी घ्यायची. यात बेकायदा काय, हे सांगणे सोपे नव्हते. लोक फीवरून भांडत ठाण्यात यायचे. ठाणे अंमलदार करारनामा बघायचे, त्यावर सही असायची आणि प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे, न्यायालयात दाद मागा, असा शेरा पडायचा. तो शेरा चूक नव्हता. फी जास्त घेणे म्हणजे फसवणूक नव्हे. फसवणूक ठरायला माणसाच्या मनात सुरुवातीपासून खोट होती, हे दाखवावे लागते. मन दाखवायला पोलिसांकडे साधन नसते.

मी त्या बाईला ठाण्यात बोलावले नाही. साध्या कपड्यात, एका महिला हवालदारांना घेऊन तिच्या घरी गेलो. त्या हवालदार सानगडीकडच्याच होत्या, त्यामुळे बोलणे सुरू व्हायला वेळ लागला नाही. बाईने आम्हाला चहा दिला. घरात भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता आणि त्याखाली खुंटीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी. मुलगी शाळेत गेली होती.

कंपनीच्या माणसाबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "कंपनीचा कायचा, तो माह्या भाऊ होय."

सख्खा का, असे हवालदारबाईंनी विचारले.

"सख्खा भाऊ असता त मंग काय पायजे होतं," ती म्हणाली. तिला भाऊच नव्हता. आईवडील आधीच गेले होते. तेरवीच्या दिवशी ती पाटावर बसली होती आणि सासू कोणाला तरी हळूच सांगत होती की उरकून घ्या, वाट कोणाची बघायची. तेवढ्यात हा माणूस आला. अपघाताच्या कागदांसाठी तो आठवडाभर आधी एकदा येऊन गेला होता, एवढीच ओळख. त्याच्या हातात लुगडे होते. म्हणाला, ताई, तुले भाऊ नाही असं मी ऐकलं, मी आलो त चालंल काय?

पुढचे तिने सविस्तर सांगितले. कागदांसाठी तो सगळीकडे फिरला. राखीला आला, भाऊबीजेला आला. स्वतःसाठी त्याने एक रुपया मागितला नाही. फी नागपूरच्या कंपनीची. कंपनीचे मोठे साहेब कडक, तेच अर्ध्याजवळ कापून घेतात, आणि उशीर झाला की यालाच बोलणी बसतात. ठेव मोडायला ती निघाली होती ती याच्यासाठी. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून.

मी तिला म्हणालो की फीबद्दल तुमची तक्रार असेल तर लिहून घेतो. तिने मान हलवली.

"साहेब, भावाच्या नावानं तक्रार कशी देऊ? मले त तेवढाच एक हाय."

आम्ही उठलो. परतताना जीपमध्ये हवालदारबाई म्हणाल्या, पैसे गेले तर ही बाई सोसेल, भाऊ गेला तर सोसणार नाही. मला त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही दिसले नाही.

नागपूरच्या कंपनीची चौकशी लावली. कार्यालयाचा पत्ता म्हणजे त्या माणसाच्या राहत्या घराची पुढची खोली निघाली. कंपनी त्याच्याच नावावर होती. कडक मोठे साहेब असे कोणी नव्हते. ज्यांच्या बोलण्याला तो घाबरायचा ते साहेब तोच होता. पण एवढ्यावरही तो म्हणू शकत होता की करारावर बाईची सही आहे, काम मी केले आहे, कंपनी कोणाची हे तिने विचारले नाही.

बँकेतल्या अधिकाऱ्यांनी आठवून आणखी दोन बायांची नावे दिली. एक लाखनीजवळच्या गावातली. तिचा नवरा वीज पडून गेला होता. दुसरी तुमसर तालुक्यात बपेऱ्याकडची, तिचा नवरा खाणीच्या कामावर दगावला होता. तिघींनाही जबाबासाठी एकाच दिवशी बोलावले. यात माझी काही युक्ती नव्हती. त्या दिवशी जबाब लिहून घेणाऱ्या रायटरला वेळ होता, एवढेच.

त्या सकाळी मी डायरी बघत होतो. एक जुने हवालदार आत आले आणि दाराकडे बोट करून हळूच म्हणाले, "साहेब, बाहेर बाकावर तर आपल्यापेक्षा पक्का युनिफॉर्म बसला आहे."

मी बाहेर आलो. बाकावर तिन्ही बाया थोडे थोडे अंतर ठेवून बसल्या होत्या. तिघींच्या अंगावर करड्या रंगाची, जांभळ्या काठाची, पदरावर बारीक बुट्टी असलेली साडी होती. एकच साडी. कचेरीच्या कामाला निघताना आमच्याकडच्या बाया ठेवणीतले नेसतात. तिघींनी आपापल्या घरून निघताना ठेवणीतले सगळ्यांत मानाचे काढले होते.

त्या अजून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बपेऱ्याकडच्या बाईने, ती तिघींत थोडी मोठी, सानगडीच्या बाईचा काठ चिमटीत धरून पाहिला.

"बाई, हे तुमचं कुठचं?"

"माहेरचं."

"माहेर कोणतं?"

सानगडीच्या बाईने तिसरीकडे पाहिले. तिसरीने पदर पुढे ओढून घेतला होता, काठ दिसू नये म्हणून.

"भावानं आणलं," सानगडीची बाई म्हणाली. "तेरवीले."

"मलेही भावानंच आणलं," मोठी म्हणाली. मग तिने त्या माणसाचे नाव घेतले.

तिसरी बौद्ध कुटुंबातली होती. त्यांच्याकडे तेरवी नसते, जलदानाचा विधी होतो. पण माहेरचे कापड यावे ही ओढ त्या घरातही होती. तिचा भाऊ कामासाठी सुरतेकडे गेला होता आणि त्याला सुटी मिळाली नव्हती. ती नुसती म्हणाली, "मले त म्हणे, तूच एक बहीण होय माही."

मघाचे हवालदार माझ्यामागे उभे होते. ते आत निघून गेले आणि दिवसभर त्यांनी कोणाशी थट्टा केली नाही. महिला हवालदारांनी तिघींना पाणी दिले. रडणे अपेक्षित होते, ते झाले नाही. सानगडीची बाई आपल्याच पदराकडे बघत होती. दुसऱ्याचे नेसून आल्यासारखी.

लाखनीच्या बाजारात चौकशी केल्यावर दुकानदार सापडला. त्याला लपवायचे काही नव्हते. या गिऱ्हाईकाला करड्या रंगाचा हाच माल लागायचा, म्हातारीला चालतो आणि तरुणीलाही चालतो म्हणून. गठ्ठ्यानेच घेऊन जायचा. दुकानदाराला वाटले होते की गृहस्थ कुठल्या संस्थेत वाटतो. जबाबात त्याने हेही सांगितले की घेण्याआधी तो काठ दोन्ही बाजूंनी तपासून घ्यायचा. खराब माल त्याने कधी नेला नाही.

कायद्याला सुरुवातीपासूनचे मन हवे होते, ते इथे मिळाले. करारनामा नंतरचा होता. लुगडी आधी विकत घेतलेली होती, गठ्ठ्याने, जी माणसे अजून मेलीही नव्हती त्यांच्या बायकांसाठी. गावात शिरल्यावर तो आधी दाव्याची नव्हे, बाईच्या भावाची चौकशी करायचा, हे सांगणारे साक्षीदार दोन गावांत मिळाले. भाऊ असलेल्या घरात तो सरळ धंद्याचे बोलायचा आणि फीही रीतसर घ्यायचा. अशा घरांतून त्याच्याबद्दल आम्हाला एकही वाईट शब्द ऐकू आला नाही.

आता गुन्हा नोंदवायला फिर्याद हवी होती. बाकीच्या दोघी म्हणाल्या की सानगडीची ताई देईल तर आम्ही साक्ष देऊ. ती माझ्यासमोर बसली. मी घाई केली नाही. टेबलावरचा पंखा कागद उडवत होता, तिने एका कागदावर आपली बोटे ठेवली, तो उडू नये म्हणून. मग विचारले, "तक्रार देल्ली त तो येणार नाही ना आता?"

मी सांगितले, नाही येणार.

"आणि नाही देल्ली त?"

"तर येईल," मी म्हणालो. "आणखी कोणाकडे तरी जाईलही."

तिने फिर्याद दिली. रायटर वाचून दाखवत असताना "आरोपी इसम" हे शब्द आले तेव्हा तिने एकदा थांबायला सांगितले, आणि मग वाचा म्हणाली.

त्याला नागपूरहून आणले. चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, मृदू आवाजाचा माणूस. माझा अनुभव असा की धाकाने माणूस फक्त तेवढेच सांगतो जेवढे आपल्याला आधीच ठाऊक असते. ज्या गोष्टीचा त्याला अभिमान आहे तिच्याबद्दल विचारावे, मग तो स्वतः बोलतो. मी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारले. दावे कसे फेटाळले जातात, कोणता कागद कुठे अडतो, हे त्याने मला उत्तम समजावून सांगितले. तो नसता तर या बायांना काही मिळाले नसते, असे तो म्हणाला. यातले बरेचसे खरे होते आणि मी तसे त्याला म्हणालोही.

मग मी लुगड्यांचा विषय काढला. त्याने पहिल्यांदा खाली पाहिले.

"मी नेलं साहेब, कबूल. पण मी नसतं नेलं तर कोणी नेलं असतं?"

मी फक्त विचारले की हे सुचले कसे. तो सांगू लागला. त्याच्या लहानपणी त्याचे वडील गेले होते. मामा येतो म्हणाले होते. आई पाटावर बसून राहिली, दिवस कलला तरी उठेना. "तिले मी म्हणलं, आई उठ. ती म्हणे, अजून एक गाडी हाय." तेवढे सांगून तो माझ्याकडे बघू लागला. "त्या कापडाची किंमत मले दुकानदारापेक्षा जास्त माहीत आहे, साहेब."

नोकरीत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. यासारखी दुसरी ऐकली नाही. त्याला दुःख माहीत होते, आणि ते माहीत असल्यामुळेच त्याला धंदा जमला होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पत्नीला हे सगळे सांगितले. ती सहसा माझ्या कामाबद्दल विचारत नसे. सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, "ती लुगडी तुम्ही जप्त करणार?"

मी म्हणालो, तोच पुरावा आहे.

ती उठून आत गेली. सकाळी मी निघताना तिने माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्याच कपाटातली कोरी साडी होती, निळ्या काठाची. सानगडीच्या बाईला द्या म्हणाली.

जप्तीचा पंचनामा ठाण्यातच झाला. तिघींनी आपापली साडी धुऊन, घडी करून आणली होती. सानगडीच्या बाईने आपली घडी त्याच जुन्या चादरीत आणली होती. तेव्हा मला कळले की नवऱ्याच्या फोटोखाली खुंटीवर काय होते. पंच बसले होते. मुद्देमाल कारकून वर्णन लिहीत होता आणि सवयीने मोठ्याने म्हणत होता: वापरलेली साडी, रंग करडा.

"वापरलेली कायले लिहिता?" ती म्हणाली. "दोनदाच नेसली मी. एकदा त्या दिवशी, एकदा इथं."

कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला तो शब्द खोडायला सांगितले. खोडलेल्या जागी पंचांच्या सह्या घेतल्या. मग साडी पुडक्यात गेली, पुडक्याला दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर ठाण्याची मोहोर. ती सगळे नीट बघत होती. लाख वाळल्यावर तिने विचारले की हे परत भेटंल काय. निकालानंतर न्यायालयाच्या आदेशाने मिळेल, असे मी सांगितले.

सगळे गेल्यावर मी पिशवी तिच्यापुढे केली. कोणी दिली, तेही सांगितले. तिने साडी बाहेर काढली, काठावरून हात फिरवला, सुंदर आहे म्हणाली आणि पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली.

"बाईंले सांगा, राग नका मानू. हे बाईंचं होय साहेब. भावाचं नाही."

मी पिशवी घरी आणली. पत्नीने ती न विचारताच कपाटात ठेवून दिली. नंतर कधीतरी तिने मला विचारले की त्या बाईला फी सरळ सांगितली असती तर तिने दिली असती का. हा प्रश्न मीही बाईला विचारला होता. ती म्हणाली होती, "काहून नसती देल्ली? कंपनीचा माणूस म्हणून आला असता तरी देल्ली असती. काम त त्यानं केलंच."

लोक म्हणतात की फसणारा माणूस लोभी असतो. मीही पोलीस प्रशिक्षणात हेच शिकलो होतो आणि बरीच वर्षे तसेच मानत आलो. या तिघींत लोभ नव्हता. उलट त्या आपले मिळालेले दुसऱ्याची नोकरी वाचवायला देत होत्या. तो घरात शिरला तो त्यांच्या रिकाम्या जागेतून. कायदा पैशाचे मोजमाप करू शकला. किती फी रीतसर आणि किती फसवणुकीची, हे दोषारोपपत्रात व्यवस्थित आले आहे. त्याच्या खात्यातली रक्कम गोठवली गेली आणि त्यातून बायांना काही मिळेलही. पण त्या दिवशी बाकावर तिघींचे जे गेले त्याला कोणते कलम लावायचे, हे मला निवृत्त होईपर्यंत सापडले नाही.

गेल्या महिन्यात साक्षीसाठी भंडाऱ्याच्या न्यायालयात गेलो होतो. सानगडीची बाई व्हरांड्यात बसली होती. मुलगी आता तिच्या खांद्याला लागली आहे, तीही सोबत होती. तारीख पुढे पडली. आरोपी जामिनावर आहे. तो दूर उभा होता, त्या बाजूला ती बघत नव्हती. महिला हवालदारांकडून तिला माझ्या पत्नीबद्दल कळले होते.

तिने मला विचारले, "बाईच्या घरून कोणी आलं होतं काय साहेब, तेरवीले?"

"हो, भाऊ आले होते."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "बरं झालं."

मग त्यांची बस होती, त्या गेल्या.

निळ्या काठाची साडी पत्नीच्या कपाटात आहे. खटला चालू आहे. करडे लुगडे ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात, लाखेच्या मोहोरेखाली आहे.